‘घरगुती कारण’ हे कोणी लिहिलं, ते आधी शोधा

प्रश्न: “माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. दोन महिन्यांपूर्वी ड्युटीवर असताना गेला. युनिटने फोनवर आत्महत्या सांगितली. आम्हाला पटत नाही. अंत्यसंस्कार होऊन गेले. आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यातले. आता कोणाला आणि काय विचारायचं?”

भाऊ, मी दारव्हा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा लहान भाऊ २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या एका छावणीत गेला. तेव्हा पऱ्हाटी फुलावर आली होती आणि माय दवाखान्यात होती. आम्हालाही फोनवर हाच शब्द सांगितला. मी वकील नाही. त्यानंतर कागद मागत फिरले, त्यातून जे कळलं ते लिहिते.

त्याची शवपेटी नागपूरला विमानाने आली, तिथून रुग्णवाहिकेने रात्री अकराला गावात. ग्रामपंचायतीने ‘वीर जवान अमर रहे’चं फ्लेक्स छापून आणलं होतं, शाळेतली पोरं जागी ठेवली होती. सोबत आलेल्या सुभेदार साहेबांनी सरपंचाला बाजूला नेऊन सांगितलं, सलामी होणार नाही. फ्लेक्स गुंडाळून पंचायतीच्या कपाटात गेलं. बाबा एवढंच म्हणाले, “काहून? थो काय पळून आला होता?” त्या रात्री त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. तालुक्यातले तीन माजी सैनिक मात्र छातीवर पदकं लावून आले आणि सरणाजवळ सावधान उभे राहिले. ते मी विसरणार नाही.

सलामी का नाही, हे मला चार वर्षांनी कळलं. २०२३ च्या ऑक्टोबरात पंजाबच्या एका अग्निवीराच्या (चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाच्या) मृत्यूवरून वाद झाला तेव्हा सैन्याने जाहीर सांगितलं, की १९६७ च्या सेना आदेशानुसार स्वतःच्या हाताने झालेल्या मृत्यूला लष्करी मानवंदना नसते. २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० जवान असे जातात, हेही त्याच निवेदनात होतं. म्हणजे दरवर्षी शंभरावर घरांत अशी पेटी उतरते, आणि आपण समजतो आपल्यावरच आभाळ कोसळलं.

‘शहीद’ हा शब्द सरकारी दफ्तरात नाहीच. २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने केंद्रीय माहिती आयोगाला तसंच सांगितलं. त्यांचा शब्द ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईत कामी आलेला. हे सांगण्याचं कारण असं, की आमचं पहिलं वर्ष ‘शहीद दर्जा द्या’ अशी निवेदनं देण्यातच गेलं. आमदार झाले, पालकमंत्री झाले, पेपरात फोटो आला. तो कसा गेला, हे त्या वर्षात आम्ही एकाही कागदावर विचारलं नव्हतं. तुम्ही हे करू नका.

तुम्ही विदर्भातले, म्हणून ही गोष्ट तुम्हाला लवकर समजेल. आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की सावकाराचं, ते बघतात. मग समिती लिहिते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. अपात्र ठरलेला माणूसही मेलेलाच असतो, त्याच्या मरणाचं कारण फक्त रकान्यात बसलेलं नसतं. सैन्यात त्या जागी ‘ॲट्रिब्युटेबल’ हा शब्द आहे. मृत्यू सेवेमुळे ओढवला की नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाही म्हटलं तर विधवेला साधं कुटुंब निवृत्तिवेतन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के (सुरुवातीची काही वर्षं ५०). हो म्हटलं तर विशेष निवृत्तिवेतन, ६० टक्के. अतिरेक्यांशी किंवा शत्रूशी लढताना गेला तर १०० टक्के. पैशाची गोष्ट आहेच, पण आमच्या घरात तो शब्द पैशापेक्षा जास्त टोचला. सेवेचा संबंध नाही म्हणजे संबंध घराचा, असं तो कागद सांगत होता.

हे ठरतं कोर्ट ऑफ इन्क्वायरीत. नाव कोर्ट असलं तरी ते न्यायालय नाही. १९५४ च्या सेना नियमांनुसार नेमलेली ती अंतर्गत चौकशी असते, साक्षी नोंदवतात, निष्कर्ष वरिष्ठांकडे पाठवतात. आम्हाला कोणी बोलावलं नाही. काही महिन्यांनंतर एक इंग्रजी पत्र आलं, त्यात कारण लिहिलं होतं: घरगुती समस्या. वहिनी ते पत्र हातात घेऊन दिवसभर चुलीजवळ बसली. गावात कुजबुज सुरू झाली, नवरा-बायकोचं पटत नव्हतं म्हणे. चार शब्दांच्या इंग्रजी ओळीने एका बाईचं गावात राहणं अवघड केलं. म्हणून मी वर लिहिलं, की ते कारण कोणी आणि कशावरून लिहिलं, तिथून सुरुवात करा.

त्यासाठी दोन दारं आहेत. बहुतेक घरं एकच ठोठावतात.

एक दार पोलिसांचं. छावणीत झालेला संशयास्पद मृत्यू असला तरी तिथल्या नागरी पोलिसांना मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल करून पंचनामा करावा लागतो आणि अहवाल दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. ही फाईल सैन्याच्या कपाटात नसते. ठाणेदाराला आणि तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा: मर्गचा क्रमांक, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जागेचे फोटो, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला का, शस्त्र तपासणीला पाठवलं का, त्याचा अहवाल काय. आमचे कागद हिंदीत आले, बाबांनी स्वतः वाचले.

दोन महिनेच झालेत, तर एक काम आजच करा. घरातले फोन बदलू नका, भावाचे मेसेज, आवाजी निरोप, कॉलची यादी, काहीच पुसू नका, दुसरीकडे प्रत ठेवा. फोन कंपन्यांना कॉलच्या नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात, पण त्या पोलीस किंवा न्यायालय मागेल तेव्हाच मिळतात. म्हणून पोलिसांना लेखी कळवा, की त्या नोंदी मागवून घ्या. आम्ही हे वेळेत केलं नाही. त्याचा मोबाइल परत आला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. तो आधीच कोरा होता की कोणी केला, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसरं दार माहितीच्या अधिकाराचं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत मिळण्याचा हक्क सेना नियम सैनिकाला देतात, घरच्यांना नाही, म्हणून आरटीआय. केंद्र सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपयांत अर्ज होतो. कारण लिहायची गरज नाही. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका, कागदाचं नाव घेऊन मागा: कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे साक्षीदारांचे जबाब, निष्कर्ष, वरिष्ठांचा शेरा, त्या महिन्याचं ड्युटी रजिस्टर, रजेचे अर्ज आणि त्यावरचे शेरे, दवाखान्याच्या नोंदी. रजेचे अर्ज विसरू नका.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आम्हाला आलं ते कलम ८(१)(एच)चं: चौकशी सुरू असल्याने देता येत नाही. नुसती चौकशी सुरू आहे एवढ्यावर नकार देता येत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं आहे. ते वाक्य मी पहिल्या अपिलात उतरवलं. अपील तीस दिवसांत करायचं असतं. तिथेही नकार आला, मग नव्वद दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तारीख लागायला फार वेळ गेला, पण सुनावणीसाठी दिल्लीला जावं लागलं नाही. यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत व्हिडिओवर झाली. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, “साहेब, माह्या पोराचे कागद हायेत, मले वाचू द्या.” साक्षीदारांची नावं झाकून प्रत द्यावी, असा आदेश झाला.

प्रत आली आणि ती आम्हाला हवी तशी नव्हती, हेही सांगितलंच पाहिजे. आमच्या मनात होतं, त्याला कोणीतरी मारलं. जबाब वाचून, शवविच्छेदन अहवाल मेडिकलमधल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवून तसं काही निघालं नाही. पण सोबतच्या जवानाच्या जबाबात होतं, की मायच्या ऑपरेशनसाठी त्याने दोनदा रजा मागितली होती आणि दोन्ही वेळा नामंजूर झाली. झोप लागत नाही म्हणून तो एकदा दवाखान्यातही गेला होता. हे सगळं आत होतं, आणि तरी बाहेर येताना ‘घरगुती समस्या’ एवढंच झालं. वहिनीने तो जबाब तीनदा वाचायला लावला. मग पत्राची आणि जबाबाची झेरॉक्स सोबत घेऊन ती माहेरी जाऊन आली. बाबांना मात्र तो दिवस फार जड गेला. खून असता तर राग धरायला माणूस मिळाला असता. तुमच्या बाबतीत काय निघेल ते मला माहीत नाही, पण कागद उघडण्याआधी घरातल्या मोठ्यांना तयार करा. कोणाला झोप लागत नसेल, बोलणं बंद झालं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलतात. मी माझ्या बाबांसाठी केला होता.

त्या जबाबाच्या जोरावर वहिनीने विशेष निवृत्तिवेतनासाठी अपील केलं. दोन्ही अपिलं फेटाळली गेली, आता प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात आहे. तिथे शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं, ती तारीख चुकवू नका. वाट लांब आहे. सेवेत असताना १९७८ मध्ये गूढ परिस्थितीत गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या विधवेला सर्वोच्च न्यायालयाने सहा लाखांची भरपाई आणि विशेष कुटुंब निवृत्तिवेतन दिलं ते १९९४ मध्ये. पण दिलं.

आता एक गोष्ट जी कोणी लिहीत नाही. सैन्याच्या कागदावर जवळची व्यक्ती म्हणजे लग्न झालेल्याची बायको. पत्रं तिच्या नावाने येतात, सही तिची लागते. आपल्याकडे तेराव्याच्या आत सासर-माहेरच्यांत पैशावरून फाटतं, आणि एकदा फाटलं की प्रश्न विचारणारं कोणीच उरत नाही. आमच्याकडेही काका म्हणाले होते, सून पैसे घेऊन जाईल. मी वहिनीला म्हटलं, पैसे तुझे, कागद आपल्या दोघींचे. तिने माझ्या नावाने अधिकारपत्र लिहून दिलं. ते नसतं तर वर लिहिलेलं काहीच झालं नसतं. तुमच्या भावाचं लग्न झालं असेल तर आधी वहिनीशी बोला, मग आरटीआय.

हे वाचणाऱ्यात कोणाच्या घरी पेटी आज-उद्या येणार असेल, तर शंका असल्यास अग्नी देण्याआधी पोलीस ठाण्यात आणि तहसीलदाराकडे लेखी द्या आणि दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करा. २०१७ मध्ये देवळालीच्या छावणीत केरळचा एक जवान मृत सापडला, त्याच्या घरच्यांनी गावी नेल्यावर हीच मागणी धरली होती. लोक म्हणतील, मेलेल्याची विटंबना कशाला. म्हणू द्या.

जवान सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलातला असेल तर रस्ता वेगळा. ती दलं माहिती अधिकाराच्या कलम २४ खाली वगळलेली आहेत, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती मागता येते. तेव्हा अर्जात तो आरोप स्पष्ट लिहा. न्यायासाठी न्यायाधिकरण नाही, उच्च न्यायालय. आपल्याला नागपूर खंडपीठ. आणि अग्निवीर असेल तर निवृत्तिवेतन नाहीच. ४८ लाखांचा विमा मृत्यू सेवेमुळे ठरो वा न ठरो, मिळतो, पण ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगार मृत्यू सेवेमुळे ठरला तरच. पुन्हा तोच शब्द.

तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या, अर्जाचे नमुने आणि रेकॉर्ड ऑफिसचा (जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाचा) पत्ता तिथे मिळेल. मर्गचा क्रमांक हाती आला की इथेच खाली लिहा. कागद हिंदीत असो की इंग्रजीत, शाळा सुटल्यावर मी वाचून देईन.