भाकरी सोडलेल्यांना विचारले जाणारे प्रश्न

पॅलिओ म्हणजे शेतीपूर्वीच्या अश्मयुगीन माणसासारखं खाणं: धान्यं, डाळी-कडधान्यं, दूध, साखर आणि पाकिटातलं तयार खाणं बंद. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद आणि सुकामेवा सुरू. या आहारावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांबद्दलची पत्रं या वेळी घेतली आहेत. काही आक्षेप फोल आहेत, काही खरे. खऱ्या आक्षेपांशी वाद घालू नये, ताट बदलावं.

प्रश्न: घरचे म्हणतात, गुहेतला माणूस तिशीतच मरायचा, त्याचं कसलं अनुकरण करता? काय सांगू? (नाशिक)

तीस ही सरासरी आहे. तान्ही मुलं मोठ्या संख्येनं दगावली की सरासरी खाली येते. अलीकडच्या काळातल्या शिकारी जमातींच्या नोंदी पाहिल्या, तर मोठेपणी होणारे मृत्यू सत्तरीच्या आसपास सर्वांत जास्त दिसतात. मात्र ‘म्हणजे ते ठणठणीत होते’ असं पुढे जोडू नका. 2013 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 137 प्राचीन ममींच्या सीटी स्कॅनचा अभ्यास आला. त्यात सुमारे एकतृतीयांश ममींच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या, आणि त्यांत अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवरचे शिकारीही होते.

प्रश्न: पूर्वज धान्य खातच नव्हते, हे खरं का? (सोलापूर)

खरं नाही. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराकाठी ओहालो इथे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी सातू आणि तो वाटायचा दगड सापडला आहे. शेती मात्र फार नंतरची. तेव्हा हा मुद्दा वादात आणलात तर हराल.

पॅलिओ म्हणजे कमी कर्बोदकं, हाही गैरसमजच. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावरची माणसं रताळी, सुरणासारखे कंद, फळं, नारळ आणि मासे खात. त्यांचे सुमारे 70 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येत, तरी पाहणीत हृदयविकार जवळजवळ आढळला नाही.

पॅलिओची बाजू मांडायची तर इतिहास बाजूला ठेवा. मैदा, साखर, फरसाण एका फटक्यात बंद होतं आणि भाजी दुप्पट होते, एवढं पुरे. स्वीडनमधल्या उमेआ इथे रजोनिवृत्तीनंतरच्या 70 लठ्ठ स्त्रियांवर दोन वर्षं चाचणी झाली. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी नेहमीच्या आहार-शिफारशी पाळणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटली होती. दोन वर्षांनी चरबीच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता.

प्रश्न: दूध बंद, नाचणीही बंद. मग हाडांचं काय? (रत्नागिरी)

हा आक्षेप खरा. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 आणि 100 मिली गाईच्या दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम असतं. हे दोन्ही काढलं की भलंमोठं भगदाड पडतं.

ते बुजवायला शेवग्याचा पाला उत्तम, 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 हून थोडं अधिक. कोवळी पानं देठावरून ओरबाडून परतली की एवढ्याची वाटीभरच भाजी होते. मांदेलीसारखी काट्यासकट खाल्ली जाणारी मासळी आठवड्यातून तीन-चारदा ठेवा. बांगड्याचा काटा ताटात राहतो, कॅल्शियमही त्याच्याबरोबर. दोन मोठे चमचे बिनपॉलिश तीळ कागदावर 200 च्या आसपास भरतात. पण सालातल्या ऑक्सलेटमुळे अंगी लागतं त्याहून कमी, म्हणून ते पूर्ण धरू नका. पालक तर या हिशेबातून वगळाच, त्यातलं कॅल्शियम जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. एवढं करूनही बेरीज कमी पडली तर वाटीभर दही खा. नियम मोडेल, हाड नाही.

दुसरी उणीव आयोडीनची, आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. उमेआच्या त्याच चाचणीत पॅलिओ गटात आयोडीन घटलेलं आढळलं. दूध नाही, आयोडीनयुक्त मीठही नाही, मग येणार कुठून? आपल्याकडे पॅलिओवाले सैंधवाकडे वळतात, तिथेच घोटाळा होतो. रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनयुक्त मीठच ठेवा, बरणी शेगडीपासून लांब ठेवा आणि मीठ पदार्थ उतरवताना घाला.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, अंडीही खात नाही. जमेल का? (पुणे)

नाही. 60 किलो वजनाला रोज सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. 100 ग्रॅम बदामांत 20 ग्रॅम मिळतात, पण त्याबरोबर जवळपास 600 कॅलरीही येतात. शेंगदाणा हेही शेंगवर्गीयच, म्हणजे कूटही गेलं. डाळ सोडू नका. कडधान्यांतल्या लेक्टिन या प्रथिनाची भीती घालतात, ती कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यापुरती खरी आहे. रात्रभर भिजवून पाणी फेकलं आणि कुकरात मऊ शिजवला की प्रश्न मिटतो. मंद आचेवर, उकळी न येता शिजवलेला राजमा मात्र पोट बिघडवतो. मटकी, मुगाला मोड आणले की लोह-जस्ताचं शोषण अडवणारं फायटेटही कमी होतं.

प्रश्न: मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि रात्री इन्सुलिन आहे. सुरू करू? (कोल्हापूर)

आधी डॉक्टर, मग ताट. पोळी-भात गेला आणि औषधाचा डोस तोच राहिला, की साखर 70 च्या खाली घसरते. डोस कमी करायचं डॉक्टरांशी ठरल्यावर पहिला आठवडा एकच जेवण बदला, आणि उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी व झोपण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर कर्बोदकं एकदम कमी करणं धोक्याचं: साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. रक्त गोठू न देणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेल्यांनी मांस वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं अशी साखर घसरल्याची लक्षणं जाणवली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. तेव्हा पॅलिओत साखर चालते का, हे कुणाला विचारत बसू नका.