'मॅडम, मग चव कोण बघणार?'

मी पुण्यात एका बॅरिआट्रिक क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनआधी पेशंटला ज्या चार-पाच खोल्यांमधून फिरवतात ना, त्यातली एक खोली माझी. सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ, डाएटिशियन आणि मग मी. बरेचजण "ह्या बाईंची सही झाली की तारीख मिळणार" ह्या हिशोबाने येतात, त्यामुळे पाऊण तास सगळं गोड गोड सांगतात, घरचे सपोर्टिव्ह आहेत, टेन्शन काही नाही, खाणं तर मुळातच कमी आहे, आणि उठून दाराला हात लावला की मग खरा प्रश्न बाहेर येतो. बहुतेक वेळा एकच. आता आयुष्यभर नीट जेवता येणारच नाही का?

त्यावर एक अनुभव सांगते. नाव बदललंय, बाकी चार गोष्टीही इकडच्या तिकडे केल्यात.

शोभाताई, वय ४४. सिंहगड रोडला डबे देतात, रोजचे साठ-पासष्ट, मदतीला एक मावशी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. उंची पाच फूट एक इंच, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४३ च्या वर. शुगर सहा वर्षांपासून, गुडघे दुखून बेजार, आणि घोरणं एवढं की मिस्टर हॉलमध्ये झोपायचे. डाएट सगळी करून झालेली, दर वेळी आठ-दहा किलो उतरायचं आणि व्याजासकट परत यायचं.

त्या आल्या त्याच ठरवून. शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी फुगा बसवून घेतला होता, "तोच बसवा, कापाकापी नको". आता फुगा म्हणजे काय, तर एंडोस्कोपीने पोटात सिलिकॉनचा बलून सोडतात आणि त्यात सलाईन भरतात, जागा अडते म्हणून भूक कमी लागते, पण साधारण सहा महिन्यांनी तो काढावाच लागतो आणि मग पुढे काय हा प्रश्न उरतोच. ४३ बीएमआय आणि सोबत शुगर असताना तो पुरणारा नव्हता. शुगरच्या डॉक्टरांनी आठवड्याला एकदा घ्यायची, शुगर आणि भूक कमी करणारी इंजेक्शनंही सुचवली होती, त्याने वजन चांगलं उतरतं हे खरंच आहे, पण बंद केली की बऱ्याच जणांचं परत वाढतं, आणि दर महिन्याचा तो खर्च डब्यांच्या धंद्यात बसत नव्हता. ऑपरेशनला मात्र त्यांचा जुना मेडिक्लेम होता. विम्याला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम असा की बीएमआय ४० पाहिजे, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारी शुगर, झोपेत श्वास अडकणं असलं काही गंभीर. डॉक्टर लोकं आपल्या भारतीय शरीराला ह्याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात, कारण आपल्याला चरबी लवकर बाधते, पण विमा कंपनी त्यांच्याच आकड्यावर चालते, आणि पॉलिसीचा वेटिंग पिरियड संपलाय का तेही आधी बघून घ्या, ऐनवेळी रडारड नको.

मग राहिल्या दोन गोष्टी, स्लीव्ह की बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून कायमचा काढून टाकतात, उरते केळ्यासारखी एक नळी. कापलेल्या भागात भुकेचं हार्मोन जास्त बनत असतं, त्यामुळे नुसती जागाच नाही तर भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी ठेवतात आणि लहान आतडं खालून उचलून तिला जोडतात, बाकीचं जठर आतच राहतं पण अन्न तिथून जात नाही. मिनी बायपास म्हणूनही एक असतं, त्यात दोनऐवजी एकच जोड असतो. पूर्वी जठराभोवती बँड बसवायचे, ते आता जवळजवळ बंदच झालंय. शोभाताईंना मनातून स्लीव्ह बरं वाटत होतं, "त्यात आतड्याला हात नाही ना लावत". पण एंडोस्कोपीत निघालं की जठराचा थोडा भाग छातीकडे सरकलाय आणि अन्ननलिकेला ॲसिडने सूज आहे, आणि स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, म्हणून सर्जननी बायपास सांगितलं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण लोक मैत्रिणीचं ऑपरेशन बघून आपलं ठरवून येतात, साडीसारखं.

घरात दोन पार्ट्या होत्या. मिस्टर म्हणायचे नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन केलंच की, काही झालं का त्यांना. सासूबाईंच्या डोक्यात मात्र २०१७ ची ती इजिप्तची इमान अहमद, जिला वजनाच्या ऑपरेशनसाठी विमानाने मुंबईत आणलं होतं आणि जी त्याच वर्षी अबू धाबीत वारली. मी सासूबाईंनाही बोलावून घेतलं. त्यांना सांगितलं, आजी, ती बाई पाचशे किलोच्या आसपास होती, वर्षानुवर्षं अंथरुणावर, तिची आणि आपल्या सूनबाईंची तुलना नाही होत. पण धोका शून्य आहे असंही मी म्हणत नाही. टाके घातलेल्या जागेतून गळती होऊ शकते, शंभरातल्या एखाद्याला होते, रक्तस्राव, पायात गुठळी, आणि जिवाला धोका म्हणाल तर साधारण हजारात एखाद्याला. आजी बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आणि नाही केलं तर?" मला वाटतं त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता.

आता खरी गोष्ट. मी सगळ्यांना आठवडाभर लिहून आणायला सांगते, काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून. शोभाताईंच्या वहीत सकाळी एक चपाती, दुपारी दोन, रात्री दोन. एवढ्यावर १०४ किलो होत नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या हो. ताटात वाढून घेतलं तेवढंच त्यांच्या लेखी जेवण. मी विचारलं, साठ डब्यांची आमटी, भाजी, उसळ, त्याची चव कोण बघतं? "मीच की." किती वेळा? हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या. पहाटे पाचपासून अकरापर्यंत चमचा चमचा, दुपारी डबे गेले की पातेल्याला लागलेलं ओट्याशी उभं राहून, टाकायचं कसं म्हणून, आणि रात्री सगळे झोपल्यावर फरसाणचा डबा. तो डबा फक्त त्यांचा. दिवसभरात त्यांच्यासाठी म्हणून घरात कोणी काही करत नव्हतं, तेवढी पंधरा मिनिटं त्या स्वतःची स्वतः करायच्या. आणि मग म्हणाल्या, "मॅडम, ऑपरेशननंतर मला चार घासच जातील ना, मग चव कोण बघणार? आणि रात्री मी काय करू?"

ह्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला सर्जनकडे उत्तर नसतं. पिशवी छोटी केली तरी दिवसभर थोडं थोडं चरणाऱ्या माणसाला ती अडवू शकत नाही, चिवडा, बिस्कीट, आईस्क्रीम हे हळूहळू आरामात खाली उतरतं, आणि दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढतं त्यांच्यात हे चरणं फार बघते मी.

अजून एक गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली, तीही मी नवऱ्याला बाहेर बसवल्यावर. मिसरी. वीस वर्षांपासून. फॉर्मवर तंबाखूपुढे "नाही" लिहिलेलं, कारण मिसरी म्हणजे दात घासणं, तंबाखू थोडीच. बायपासच्या जोडावर तंबाखूने अल्सर होऊ शकतो, तसाच तो पेनकिलरनेही होतो, आणि शोभाताई गुडघ्यांसाठी तीही मेडिकलमधून आणून रोज एक घेत होत्या. सर्जननी तारीख पुढे ढकलली. दहा आठवडे. शोभाताई माझ्यावर चिडल्या, दोन फोन उचलले नाहीत. पण त्या दहा आठवड्यांत मिसरी सुटली, झोपेत श्वास अडकू नये म्हणून रात्री लावायच्या मशीनची सवय झाली, आणि मुलगी रोज रात्री दहाला त्यांच्याबरोबर सोसायटीत फेऱ्या मारायला लागली. फरसाणचा डबा मी बंद करायला सांगितला नव्हता. फक्त म्हटलं, उभं राहून नाही, वाटीत घेऊन, दिवा लावून, खुर्चीवर बसून खायचं. दोन आठवड्यांनी म्हणाल्या, बसून खाल्लं की लाज वाटते, उभ्याने वाटायची नाही. त्या लाजेवर आम्ही तीन भेटी घालवल्या, डब्यावर नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, त्याआधी दोन आठवडे कमी कॅलरीचं प्रोटीनवालं डाएट, लिव्हर जरा आकसावं म्हणून. तिसऱ्या दिवशी घरी. शुगरची एक गोळी डिस्चार्जलाच बंद झाली, वजन उतरायच्या आधीच, आतड्यातली हार्मोन्स बदलतात त्याने. सगळे खुश.

नवव्या दिवशी फोन, हुंदके. "मी हे काय करून बसले." पातळ पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी, प्रोटीन पावडर, तेही घोट घोट, आणि घरात फोडणी पडली की मळमळ. हा फोन मला इतक्या जणांकडून येतो की मी आता आधीच सांगून ठेवते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकदा तरी तुम्हाला पश्चात्ताप होणार, तेव्हा मला फोन करायचा, गुगलला नाही. पातळावरून दाट, मग मिक्सरमधलं, मग मऊ, मग नेहमीचं, हे व्हायला दीड-दोन महिने जातात. मऊ खिमटीचा पहिला चमचा खाल्ला तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला, वाटीचा.

पुढे जे जे होतं ते सगळं झालं. संक्रांतीला दोन तिळगुळाचे लाडू खाल्ले आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, आडवंच व्हावं लागलं, ह्याला डंपिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरतं म्हणून होतं, घाबरायला होतं पण थोड्या वेळाने ओसरतं. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, परत आले. घासाबरोबर पाणी नाही, अर्धा तास थांबायचं, प्रोटीन रोज साठ ग्रॅमच्या वर, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, डी ह्यांच्या गोळ्या कायमच्या. कायमच्या म्हणजे कायमच्याच, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. (लग्नाच्या वयाच्या किंवा पीसीओडीवाल्या मुलींना मी एक जास्तीचं सांगते, वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहायची शक्यता वाढते, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भारपण टाळायचं.)

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते घरातलं. रविवारचं मटण ही त्या दोघा नवरा-बायकोची एकत्र मजा होती, वीस वर्षांची. आता त्या दोन तुकडे खाऊन हात धुवायच्या आणि मिस्टर एकटेच ताटावर. ते चिडचिड करायला लागले, आग्रह करायला लागले, "एक तरी घे". ते वाईट नव्हते हो, त्यांची पार्टनर गेली होती. त्यांना बोलावून मी एवढंच विचारलं की जेवणाशिवाय तुम्ही दोघं मिळून काय करता. बराच वेळ काही सुचेना त्यांना. आणि बाहेरचे लोक, त्यांचं तर काय, "अगं बाई, आजारी आहेस का", "चेहरा किती उतरलाय", "शॉर्टकट मारलास होय". दंडाची कातडी लोंबायला लागली, पूर्वी वजनाची लाज होती आता बाह्यांची.

वर्षाने ७३ किलो. शुगरच्या गोळ्या बंद, तपासण्या चालू. मिस्टर बेडरूममध्ये परत. दुसऱ्या वर्षी तीन किलो चढले, त्या घाबरून आल्या, मी नाही घाबरले, एवढं होतंच. वही परत काढली आणि बघितलं तर दुपारच्या पातेल्यापाशी परत उभं राहणं सुरू झालेलं. उरलेलं आता मावशी घरी घेऊन जातात.

जेवणाचं म्हणाल तर त्या सगळं जेवतात. अर्धी भाकरी, भाजी, वरण, सणाला चमचाभर श्रीखंड, तेही हळूहळू, आणि सगळ्यांबरोबर बसून. भरपूर जेवल्याचं जे सुख असतं ना, ते मात्र गेलं. त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं, आणि मी ते खोडून काढत नाही.

आणि चव आता मुलगी बघते. मागच्या महिन्यात शोभाताईंचा मेसेज आला, "मॅडम आज पोरीने आमटीत मीठ दोनदा टाकलं, अकरा गिऱ्हाईकांचे फोन आले, तुम्हीच बोला आता त्यांच्याशी."