मर्यादा कथेत लिही

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. निर्मात्याने तुझ्या आठ भागांच्या संहितेतून अवकाशस्थानकाची बाहेरची दृश्यं, दुसरा ग्रह आणि रात्रीचं सगळं आउटडोअर काढायला सांगितलंय, आणि तू विचारतेस की भांडू की सोडून देऊ. दोन्ही नको. कथा चांगली आहे हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला खटकलं ते तुझं एक वाक्य: 'पैशांपायी कल्पना मारली जातेय.' ज्या 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचे जुने भाग पाहून तू या वाटेला लागलीस, त्यातल्या तुझ्या लाडक्या कितीतरी गोष्टी पैसे नव्हते म्हणूनच सुचल्या आहेत.

बीबीसीने १९६३ साली ही मालिका सुरू केली तेव्हा पंचवीस मिनिटांच्या एका भागाला सुमारे २,३०० पौंड मिळत. जागा लंडनच्या लाइम ग्रोव्हमधला डी स्टुडिओ, तोही अपुरा. आठवडाभर तालीम आणि शुक्रवारी चित्रण, तेही जवळजवळ सलग, कारण व्हिडिओ टेप कापून जोडणं महाग पडे. नायकाचं, म्हणजे डॉक्टरचं, काळात फिरणारं यान जिथे उतरेल तिथल्या परिसराप्रमाणे रूप घेईल, अशी मूळ कल्पना होती. म्हणजे दर गोष्टीला नवं यान बांधायचं. ते परवडणारं नव्हतं. मग रूप बदलणारी यंत्रणा बिघडली आणि यान पोलिसांना फोन करायच्या रस्त्यावरच्या निळ्या खोक्याच्या रूपात अडकलं. हा बिघाड त्यांनी झाकला नाही, पात्रांना त्याबद्दल बोलू दिलं. स्वतःचं यान ज्याला धड चालवता येत नाही असा नायक त्या बिघाडाला शोभून दिसला.

मर्यादा कथेत लिही. याच एका गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नकोस.

डॅलेक घे, मालिकेतले धातूच्या कवचातले शत्रू. टेरी नेशनच्या संहितेतल्या या प्राण्यांना रेमंड क्युसिकने रूप दिलं. पाय दिसले की आत माणूस आहे हे कळतं, म्हणून नेशनने संहितेतच त्यांना पाय दिले नव्हते. आत नट बसायचा आणि छोट्या चाकांवरचा तो सांगाडा पायांनी ढकलायचा. असे चारच बांधले. गर्दी दाखवायला मागे मोठे केलेले फोटो उभे केले. ही वस्तू फक्त सपाट, गुळगुळीत जमिनीवर चालते. आता गोष्टीत काय आहे बघ: डॅलेकना शहराच्या धातूच्या जमिनीतून स्थितिक वीज मिळते, शहराबाहेर ते निकामी. आणि नायकांची सुटका कशी होते? डॅलेकच्या डोळ्याला चिखल फासून त्याला वीज न वाहणाऱ्या झग्यावर ओढतात. स्टुडिओच्या फरशीची अडचण आणि त्या जगाचा नियम एकच ठरले, आणि तोच नियम कैद्यांच्या हातातली किल्ली झाला. पुढच्या वर्षी डॅलेक लंडनच्या रस्त्यांवर आणायचे ठरले, तेव्हा वीज घेण्यासाठी त्यांच्या पाठीवर तबकडी बसवली आणि मोठी चाकं लपवायला खालचा घेर वाढवला. नियम बदलला, तर बदल अंगावर दिसला. तुझ्या सहाव्या भागात नियम गुपचूप बदलतो. तो आजच दुरुस्त कर.

याहून मोठं उदाहरण पहिल्याच हंगामातलं. सुरुवातीला तेरा भागांचीच मंजुरी होती. चार आणि सात भागांच्या दोन गोष्टी झाल्यावर दोन भाग उरले. संहिता संपादक डेव्हिड व्हिटेकरने ते फक्त चार नेहमीच्या नटांवर आणि यानाच्या आतल्या तयार सेटवर लिहिले. बाहेरचं कुणी नाही, नवं नेपथ्य नाही. मग धोका येणार कुठून? यानातूनच. एका बटणाची स्प्रिंग अडकलीय आणि यान त्याचा इशारा देऊ पाहतंय. यानाला स्वतःचं भान आहे ही कल्पना तिथे रुजली आणि मालिकेने पुढे कधी सोडली नाही.

तुला वाटेल, हा माणूस निर्मात्यांची वकिली करतोय. नाही. पैशाची मर्यादा वेगळी आणि कुणाच्या नावडीची मर्यादा वेगळी, हे तुला ओळखता आलं पाहिजे. बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन याला मालिकेत डोळे वटारलेले राक्षस नको होते. डॅलेक पाहून तो चिडला. सत्तावीस वर्षांची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट मात्र त्या संहितेच्या बाजूने उभी राहिली. हातात दुसरी संहिता तयार नव्हती हेही खरं. अशा वेळी भांडायचं. तुझा निर्माता तुला आकडा सांगतोय, आवडनिवड नाही. आकड्याशी कसली भांडतेस?

आकड्याने लेखक कोंडला जातो, हेही मान्य. १९७० साली मालिका रंगीत झाली, वर्षाचे भाग चाळिशीवरून पंचवीसवर आले आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपार केलं. लेखक माल्कम हल्कची तक्रार रास्त होती: आता उरल्या दोनच गोष्टी, परग्रहवासीयांचं आक्रमण किंवा माथेफिरू शास्त्रज्ञ. पण तक्रार करून तो थांबला नाही. त्याने सायल्युरियन लिहिले, माणसाआधी पृथ्वीवर नांदणारे आणि आता जागे झालेले. आक्रमक ठरला माणूस. त्याच हंगामातल्या 'इन्फर्नो'त समांतर पृथ्वी आली, म्हणून तेच नट आणि बरेचसे तेच सेट पुन्हा वापरता आले, आणि ओळखीचे चेहरे क्रूर झाल्याने भीती वाढली.

आता फसलेलं उदाहरण. १९८४ चा 'वॉरियर्स ऑफ द डीप'. संहितेतला समुद्राखालचा लष्करी तळ जुना, कळकट. ब्रिटनमध्ये मध्येच निवडणूक जाहीर झाली, स्टुडिओच्या तारखा अलीकडे आल्या, तयारीचा वेळ गेला. तळ झाला स्वच्छ आणि झगझगीत. दोन माणसं आत शिरून चालवतात तो मिर्का नावाचा प्राणी रंग ओला असतानाच त्या उजेडात उभा केला. अंधारात कदाचित निभावला असता. तिथे मर्यादा कथेत शिरलीच नाही, पडद्यावर सांडली. 'प्रेक्षक समजून घेतील' असं तू लिहिलंयस. का घ्यावं त्यांनी समजून?

तर काम असं कर. प्रत्येक भागाचं ब्रेकडाउन काढ: सेट किती, बोलणारी पात्रं किती, रात्रीचं आउटडोअर किती, इफेक्टचे शॉट किती. काट मारलेल्या प्रत्येक प्रसंगापुढे लिही, या जगात हे का घडू शकत नाही. 'परवडत नाही' हे उत्तर चालणार नाही. नियम गरज पडण्याच्या बराच आधी दिसू दे, नुसता संवादात सांगू नकोस. तो कुणाला तरी नडू दे, आणि शेवटी कुणीतरी तोच वापरू दे. सोयीसाठी शेवटच्या भागात मोडलास तर आधीचे सात भाग वाया गेले असं समज.

स्थानकाचं बाहेरचं दृश्य नाही ना? मग किरणोत्सर्गामुळे खिडक्यांच्या पोलादी झडपा कायम बंद. बाहेर काय आहे हे फक्त ऐकू येतं. आवाज स्वस्त असतो. डॉक्टरच्या यानाचा तो प्रसिद्ध घरघराट ब्रायन हॉजसनने पियानोच्या तारांवर किल्ली घासून मिळवला होता. झडप उघडायचा अधिकार कुणाकडे, यावर तुझा तिसरा आणि चौथा भाग उभा राहतो. दुसऱ्या ग्रहावरून एकच माणूस परत आणलास तर ग्रह लागणारच नाही, पण त्या नटाला चांगली चार पानं दे.

बाजारपेठेचा प्रसंग मात्र सोडू नकोस. तो दिवसाउजेडी एका शिफ्टमध्ये होतो, हे ब्रेकडाउनवर दाखव. झडपांचा प्रसंग लिहून झाला की बैठकीआधी पाठव, पण नियम समजावणारे संवाद काढून.