पालथा ठेवलेला फोन

मावशी, मी २९ वर्षांचा, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. मेमध्ये साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरात आहे. मुलीत नाव ठेवायला जागा नाही. शिक्षण, स्वभाव, घरचे लोक, सगळ्याला गुण देऊन वहीत तक्ता केला, १०० पैकी ८२ आले. तरी मन रमत नाही. भावना म्हणजे नॉईज, ती गाळून सिग्नल बघायचा, असं मी मुलांनाही सांगतो. ती रोज रात्री साडेनऊला फोन करते. पेपर तपासताना लक्ष जाऊ नये म्हणून मी फोन पालथा ठेवतो. गणपतीच्या सुट्टीतही तीच सवय राहिली. हे नॉईज कसं काढू?
– हैराण, नाशिक

अरे बाळा,

तक्ता राहू दे. मला तुझ्या पत्रात तो पालथा फोनच दिसतोय. लाकडावर थरथरतोय, आणि तू शेजारी बसून लाल पेनाने मुलांच्या चुका काढतोयस. सुट्टीत कुठले पेपर होते? रोज येणारं रीडिंग उत्तरात बसत नाही म्हणून एखाद्या मुलाने महिनोन्‌महिने खोडलं असतं, तर त्याच्या जर्नलवर तू सही केली असतीस का?

पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांची गोष्ट तू वर्गात सांगितलीच असशील. १९६४ साली, अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये, त्यांच्या भोंग्याच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर यायची. अँटेना न्यूयॉर्ककडे वळवा नाहीतर मोकळ्या आकाशाकडे, खरखर तेवढीच. भोंग्यात कबुतरांनी घर केलं होतं. ती पकडून लांब पाठवली, तर परत आली. विष्ठा खरवडून काढली, सांधे पट्ट्या लावून बुजवले. खरखर जागची हलली नाही. तापमानाच्या मापात साडेतीन केल्विनच्या आसपासची ती खरखर म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेली ऊब निघाली. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं.

मला त्यात नोबेलपेक्षा ते खरवडणं मोठं वाटतं. मनातही कबुतरं शिरतात. जागरण, कुणाचा टोमणा, लग्नाच्या खर्चाची धास्ती. त्या भरात ठरवलेलं बहुधा चुकतं, इथपर्यंत तुझं खरं. पण ती घाण झोप झाली, चार दिवस गेले की उतरते. तुझी उतरली नाही. उन्हाळा गेला, गणपती गेले, फोन पालथाच. आता त्याला नॉईज म्हणू नकोस.

आणि भावना गाळली की निर्णय स्वच्छ होतो, हे तुला कुणी सांगितलं? मेंदूतज्ज्ञ अंतोनिओ दामासिओ यांच्या एका रुग्णाची बुद्धी शाबूत होती, पण कपाळामागच्या मेंदूला इजा होऊन भावना बोथट झाल्या होत्या. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो डायरी उघडून जवळजवळ अर्धा तास दोन्हींची कारणं मांडत बसला. कारणं सगळी बरोबर होती, तारीख काही ठरेना. तुझ्या वहीतही ८२ गुण आहेत आणि तू मला विचारतोयस.

तू सालस मुलगा, कुणाचं मन मोडायला नको म्हणून गप्प आहेस, असं घरी म्हणत असतील. मी म्हणणार नाही. तिकडे रोज साडेनऊला रिंग पूर्ण वाजून थांबते. ती बहुतेक ‘पेपर तपासत असेल’ असं घरच्यांना सांगते आणि तुझीच बाजू घेते. तिलाही आयुष्याचं ठरवायचंय, आणि जे एक रीडिंग तिच्या हाती हवं ते तू तिच्यापासून लपवलंयस. मला राग आलाय तो याचा.

हे वाचशील त्या रात्री फोन उचल. ‘उद्या भेटायला येतो’ एवढंच सांग आणि जा. आईबाबांना नंतर सांग, आधी तिला. समोर बसून सांग, की मला हे लग्न करायचं नाही, तुझ्यात काही खोट नाही, इतके महिने मी तुझे फोन मुद्दाम टाळले. वही नेऊ नकोस. ती चिडेल, रडेल, मध्ये बोलू नकोस. हॉलचे पैसे बुडतील ते बुडू देत, तिच्या घरच्यांचा झालेला खर्च तू तुझ्या पगारातून फेड.

आणि साडेनऊ वाजेपर्यंत तो फोन सुलटा करून ठेव.

– मावशी