काळजी जास्त नव्हती, भलत्या जागी होती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. करोनाच्या काळात तुमच्या घरात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. वडील बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू साबणाने धुऊन घेत आणि दिवसभर टीव्हीवरचे आकडे पाहत. भाऊ म्हणे, साधा सर्दी-ताप आहे, उगाच बाऊ केलाय. तुम्ही मधल्यामध्ये. आजही विषय निघाला की दोघांची जुंपते. त्यात बरोबर कोण होतं आणि पुन्हा अशी साथ आली तर घरात काय धोरण ठेवावं, हे तुम्हाला हवंय.

मी डॉक्टर नाही. त्या काळात एका आरोग्य हेल्पलाइनवर फोन घेत होते. औषध सांगायचं नाही, लक्षणं विचारायची, गरज असेल तर डॉक्टरांकडे जोडून द्यायचं, एवढंच काम. बाकी वेळ माणसांच्या काळज्या ऐकण्यात जायचा. तेवढ्या अधिकारावर सांगते: तुमच्या वडिलांची काळजी जास्त नव्हती, भलत्या जागी होती. आणि भाऊ बेफिकीर होता असंही मला वाटत नाही. त्यालाही काळजी होती, पण दुसऱ्याच कशाची तरी, आणि ती त्याला कुणी विचारली नसावी.

वडिलांचं धुणं आधी घेऊ. त्याला आधार होता. मार्च २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सापडला होता. बातमीत आकडे आले, पण प्रयोगशाळेत मुद्दाम टाकलेला विषाणू तासागणिक झपाट्याने कमी होत जातो, हा भाग मागे पडला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने म्हणजे सीडीसीने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजार वेळांत एकाहूनही कमी आहे. तोवर जगभर लोकांनी वर्षभर पिशव्या आणि पाकिटं घासून काढली होती. हवेचं नेमकं उलटं झालं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही असं ठणकावून सांगितलं. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून हवेचा विचार करा असं विनवलं, तरी स्पष्ट मान्यता मिळायला बराच काळ गेला.

आता गंमत बघा. हवेचं कळल्यावरही धुणं थांबलं नाही. कारण धुण्याला सुरुवात आणि शेवट असतो. वस्तू घेतली, घासली, पुसली, काम झालं, जीव शांत. खिडकी उघडून बसण्यात असं काही हाती लागत नाही. भीती वाटली की माणसाला हातांना काम हवं असतं, आणि हवा हातात येत नाही.

दुसरी भलती जागा म्हणजे परका माणूस. फोनवर लिफ्टच्या बटणाबद्दल, वर्तमानपत्राबद्दल, पार्सल आणणाऱ्याबद्दल, समोरून शिंकत गेलेल्या अनोळखी माणसाबद्दल सारखं विचारलं जायचं. 'बाहेरचं कुणी येतं का घरात?' असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं: 'छे, कुणी नाही. फक्त घरचेच.' मग एकेक मोजायला लावलं की त्या 'घरचे'मध्ये रोज कामावर जाणारा जावई निघायचा, दुसऱ्या घरी राहणारी बहीण आणि तिची मुलं निघायची, सगळे एका खोलीत, बंद खिडक्यांत, तास-दोन तास गप्पा मारत बसलेले. रस्त्यावर दोन सेकंद बाजूने गेलेल्या माणसापेक्षा ही बैठक कितीतरी जोखमीची. पण आपल्या माणसाकडून आजार येईल हे मनाला पटत नाही. आपला माणूस म्हणजे सुरक्षित, हे गणित आपण फार लहानपणी शिकलेलो असतो.

ऑक्सिमीटरबद्दलच्या, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राबद्दलच्या, फोनांमध्ये हे सगळं सर्वांत लख्ख दिसायचं. एका गृहस्थांचा मध्यरात्री फोन आला, आवाज थरथरत होता. आकडा ८९. धाप लागतेय का? नाही. बोलताना वाक्य तुटत नव्हतं. हात कसे आहेत विचारलं, तर बर्फासारखे गार. त्यांना म्हटलं, तळवे एकमेकांवर चोळा, हात खाली सोडून बसा, मग बोट लावा आणि मिनिटभर अजिबात हलू नका. फोन चालूच ठेवला. ९२, ९४, मग ९७ वर येऊन स्थिरावला. ते दर पंधरा मिनिटांनी मोजत होते, झोपेतून उठून मोजत होते. गार बोट, नखाला लावलेला रंग, हलणारा हात, यातल्या कशानेही आकडा खाली दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि याच्या अगदी उलट फोनही यायचे. 'मला काहीच होत नाही, बायको उगाच मागे लागलीय म्हणून केला फोन.' आकडा विचारावा तर ८८, हात गरम, पुन्हापुन्हा मोजला तरी तेवढाच. या आजारात ऑक्सिजन खाली जाऊनही काही जणांना धाप जाणवत नसे. अशा माणसाला रुग्णालयात जायला तयार करणं हे त्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. एकच यंत्र, एकाला त्याने झोप लागू दिली नाही, दुसऱ्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ९४ च्या खाली आकडा सतत राहिला तर डॉक्टरांना गाठा, एवढा नियम आम्ही देत असू. नियम दिला की पहिल्या माणसाचं दर पंधरा मिनिटांचं मोजणं बहुतेकदा कमी व्हायचं. काळजी करू नका असं सांगून ते कधीच कमी झालं नाही.

'आज एक सांगतात, उद्या दुसरंच' ही भावाची तक्रार मला मान्य आहे. सुरुवातीला निरोगी माणसाने मास्क घालायची गरज नाही असं सांगितलं गेलं. ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला. सल्ला बदलणं वाईट नव्हे. नवी माहिती आली की तो बदलायलाच हवा. खटकतो तो पहिल्या सल्ल्यातला ठामपणा. मास्क अपुरे आहेत, रुग्णालयातल्यांना आधी मिळू द्या, बाकी आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, असं सरळ सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, या मताची मी आहे. तसा हा वादही नवा नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मास्कची सक्ती झाली, आणि १९१९ च्या सुरुवातीला तिथे चक्क मास्कविरोधी संघ उभा राहिला. तुमचा भाऊ तिथे शोभला असता.

अफवांचंही मूळ भीतीतच. न दिसणाऱ्या शत्रूपेक्षा दिसणारा शत्रू परवडतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये मोबाइलचे मनोरे जाळले गेले, कारण फाइव्ह-जीमुळे रोग पसरतो अशी आवई होती. इराणमध्ये दारूने विषाणू मरतो या समजुतीपायी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पिऊन शेकडो माणसं दगावली. ती सगळी मूर्ख होती असं म्हणून हात झटकता येत नाहीत. घाबरलेली होती, आणि त्या घटकेला करण्याजोगं काहीतरी त्यांच्या पुढ्यात ठेवलं गेलं. सामानाच्या साठेबाजीला तर मी मूर्खपणाही म्हणणार नाही. सगळे उचलणार असं दिसत असेल तर आपणही उचलणं हे एकेकट्याच्या बाजूने हिशेबातच बसतं. एकत्रितपणे मात्र त्याने वाट लागते.

ज्या वृत्तीने सर्वांत जास्त नुकसान केलं तिच्यावर मात्र तुमच्या घरात भांडण झालेलं दिसत नाही. ती म्हणजे लपवणं. एक बाई मोरीत नळ सोडून, कुजबुजत बोलत होत्या. ताप तिसऱ्या दिवशीही उतरत नव्हता. मला वाटलं औषधाचं विचारतील. त्यांनी विचारलं, 'तपासणी केली तर नाव कुठे जातं का?' आजाराची भीती दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिली भीती शेजारचे काय म्हणतील, कामावर कळलं तर काय, घरातले 'तूच आणलास' म्हणतील का, ही. असे फोन थोडेथोडके नव्हते. लोक घाबरत नव्हते म्हणून तपासणीला गेले नाहीत, असं बाहेरून वाटायचं. प्रत्यक्षात ते फार घाबरलेले होते, फक्त विषाणूला नव्हे. माणसं अशी बोट दाखवतात हे ठाऊक असल्यानेच ११ फेब्रुवारी २०२० रोजी आजाराला कोविड-१९ हे नाव देताना त्यात कुठलीही जागा, प्राणी किंवा समाज येऊ दिला नव्हता. नावाने थोडं साधलं, पण शेजाऱ्यांच्या नजरेवर त्याचा इलाज नव्हता.

आता 'साधा सर्दी-ताप'. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात एरवीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले. भावाच्या ओळखीतलं कुणी गेलं नसेल, तर त्याला ही साथ तेवढी भयानक वाटणार नाही. माणूस आपल्या ओळखीच्या वर्तुळावरून जग मोजतो, आणि काळजी घेतल्यामुळे जे टळलं ते कुणालाच दिसत नाही. त्याचा दुसरा आवडता मुद्दा तुम्ही लिहिलाय, की रुग्णालयात निम्मे लस घेतलेलेच होते, मग लसीचा उपयोग काय? त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. समजा गावात हजार माणसं, ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. दोन्हींकडून दहा-दहा जण रुग्णालयात गेले. रुग्णांत निम्मे लस घेतलेले, हे खरंच. पण एकीकडे ९०० पैकी १० आणि दुसरीकडे १०० पैकी १०, म्हणजे लस न घेतलेल्यांची जोखीम नऊपट. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. गणित मात्र खऱ्या आकड्यांनाही हेच लागू होतं.

वडिलांच्या टीव्हीबद्दल एकच. दिवसातून वीसदा आकडा पाहून विसाव्या वेळी काही नवं कळत नाही, छातीतली धडधड तेवढी वाढते.

पुढच्या वेळचं धोरण विचारलंत. मी घरात सर्वांत आधी एकच प्रश्न मांडीन: हे पसरतं कसं? पाण्यातून, डासातून, हातातून की हवेतून? याचं उत्तर मिळेपर्यंत या सगळ्या वाटांपासून थोडं जपायचं, आणि मिळालं की बाकीच्या वाटांचं ओझं बिनदिक्कत उतरवायचं. हवेतून असेल तर खिडक्या, कमी माणसं, कमी वेळ आणि बंद जागेत नीट बसणारा मास्क यांवर सगळी शक्ती लावा. घरात कुणाला धोका जास्त आहे ते नावानिशी ठरवा, म्हणजे नियम त्या माणसाभोवती आखता येतील आणि बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा राहील. माहितीचा स्रोत एक, वेळ दिवसातून एकदा. कुणाला ताप आला तर त्याने तासाभरात सांगायचं आणि इतरांनी 'कुठे गेला होतास' हे विचारायचं नाही, हेही आधीच ठरलेलं बरं. वडिलांना धुऊ नका असं म्हणू नका. ते ऐकणार नाहीत आणि दुखावले जातील. खिडक्या, पंखे, कोण किती वेळ बसलं, याची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. मनापासून करतील. शिवाय हातांतून किंवा पाण्यातून पसरणारी साथ आली तर त्यांची धुण्याची सवय तुमच्या कामाचीच आहे.

भावाला मात्र धोरण ऐकवायला जाऊ नका. आमच्याकडे 'काही नसतं हो' म्हणणारे तरुण पुष्कळ यायचे, आणि थोडं बोलत ठेवलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला पगार निघायचा, हप्ता निघायचा, लांबलेली परीक्षा निघायची. आजार खरा मानला तर घरी बसावं लागेल, आणि घरी बसणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून त्याला आधी एवढंच विचारा की २०२० मध्ये तुला सर्वांत जास्त धास्ती कशाची होती. उत्तर पैशाचं निघालं, तर तीन-चार महिने एकाचं उत्पन्न बंद पडल्यास घरखर्च कसा निघेल हेही वडिलांना घेऊन त्याच बैठकीत कागदावर मांडा. त्यानंतर खिडकी आणि मास्कवरून तो फारसा भांडणार नाही, असा माझा अंदाज आहे.