नाकामागची पोकळी वेगळी आहे, म्हणजे आजार आहे का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाला पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघालीये, ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने करायचंय. एमआरआय झालेला असूनही सर्जननी परत सीटी करायला लावला आणि आता रिपोर्टमध्ये लिहिलंय, स्फेनॉइड सायनस सेलर टाइपचा आहे, मधला पडदा डाव्या कॅरोटिडच्या हाडाला जोडलेला, उजवीकडे ओनोडी सेल. घरात सगळ्यांची झोप उडालीये. हा आणखी वेगळा आजार आहे का?

उत्तर: ताई, हा आजार नाहीये, ते आधी डोक्यातून काढून टाका. स्फेनॉइड सायनस म्हणजे नाकाच्या पार मागे, कवटीच्या मधोमध असलेल्या हाडातली हवेची पोकळी. जन्माला येताना ती जवळपास नसतेच, लहानपणापासून हळूहळू वाढते, कुणाची कमी कुणाची जास्त, त्यामुळे दोन माणसांची सारखी सापडत नाही.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी, ती या पोकळीच्या वर, हाडाच्या एका खळग्यात बसलेली असते. सेलर म्हणजे पोकळी त्या खळग्याखालपर्यंत पोचलीये, हाच प्रकार जास्त दिसतो आणि ऑपरेशनला सोयीचाही, कारण आत शिरल्यावर खळग्याचा फुगवटा समोरच दिसतो. कोंकल प्रकारात पोकळीच्या जागी भरीव हाड असतं, मग ड्रिलने वाट करत जावं लागतं.

आता तो पडदा, खरं लक्ष इथे हवं. पोकळीचे दोन भाग करणारा हा हाडाचा पातळ पडदा बरोबर मध्ये क्वचितच असतो, मागे जाता जाता एका बाजूला वळतो आणि काही जणांत थेट कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटतो. कॅरोटिड म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, तिच्यावरचं हाड पापुद्र्यासारखं, कधीकधी तर नसतंच. अशा वेळी पडदा चिमट्यात धरून पिळून तोडला तर मुळाशी धमनी फाटू शकते, आणि त्या खोल अरुंद जागेत ते रक्त थांबवणं फार अवघड. म्हणून तो ओढायचा नाही, थोडा थोडा कापत किंवा ड्रिलने झिजवत न्यायचा. एमआरआयमध्ये गाठ छान दिसते पण हे बारीक हाड सीटीतच नीट कळतं, म्हणून तुमच्या सर्जननी तो मागितला, योग्यच केलं.

ओनोडी सेल हा शेजारच्या एथमॉइड सायनसचा, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या हाडातल्या हवेच्या पोकळ्यांचा, एक कप्पा, स्फेनॉइडच्या वर सरकलेला. हंगेरीच्या ओनोडी नावाच्या डॉक्टरांवरून नाव पडलं. डोळ्याची नस त्याच्या भिंतीतून जाऊ शकते, आणि कप्पा आहे हे माहीत नसेल तर त्यालाच स्फेनॉइड समजून चूक होते, नस दुखावली तर नजर जाऊ शकते. आधी माहीत असलं की सर्जन त्या बाजूला जपून काम करतात.

भेटायला जाल तेव्हा नुसता रिपोर्टचा कागद नको, सीटीची सीडीसुद्धा न्या, आणि पडदा कुठे जोडलाय ते स्क्रीनवर दाखवा म्हणून सरळ सांगा.