‘मनमिळाऊ’ सोडून काय लिहायचं?

वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूरच्या वाचकांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच : गल्लीतली, पेठेतली गेलेली माणसं कागदावर कशी ठेवायची. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

आमच्या साखर पेठेतल्या मंडळाला गणेशोत्सवात स्मरणिका काढायची आहे. गल्लीतली गेलेली बावीस माणसं निवडली : माग चालवणारे, विड्या वळणाऱ्या बायका, एक सुईण, शाळेतले एक शिपाई. दोघांबद्दल लिहून पाहिलं, दोन्ही मजकूर सारखेच झाले. चार महिने हातात आहेत.

सारखे का झाले ते सोबत पाठवलेल्या नमुन्यातच दिसतं. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात सहभागी होणाऱ्या.’ नाव झाकून हे वाक्य गल्लीतल्या कोणालाही वाचायला द्या, कोणाबद्दल आहे ते सांगता येणार नाही. मजकूर तयार झाला की प्रत्येक वेळी हीच परीक्षा घ्या. नाव झाकूनही माणूस ओळखू आला तर छापा.

विशेषणं काढली की जागा रिकामी होते. ती कामानं भरा. विडी वळणाऱ्या आजींबद्दल लिहायचं तर आधी काम नीट समजून घ्या. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीनं कापायचं, मांडीवरच्या सुपात तंबाखू, पान वळून तोंडं दुमडायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी कमी. आता विचारा : आजी सूप घेऊन कुठे बसायच्या, ओट्यावर की आत? हजार कधी पुरे व्हायचे? छाट जास्त निघाली त्या दिवशी घरी काय बोलायच्या? दोरा बांधताना तोंडानं काय चालायचं, अभंग, वचन की शेजारणीची उणीदुणी? या उत्तरांतून चार ओळी मिळाल्या तरी ‘कष्टाळू’ लिहायची गरज उरत नाही.

‘मिलमध्ये होते’ एवढ्यावर कधीच थांबू नका. कोणती मिल? १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, विष्णू की लक्ष्मी? कोणतं खातं, कायम की बदली, कोणती पाळी? घरात ट्रंकेच्या तळाशी तिकीट, पगाराची चिठ्ठी किंवा फंडाचा कागद असतो. तो बघितल्याशिवाय खात्याचं नाव लिहू नका. मुलं ‘वडील जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते’ सांगतात आणि बरोबरचा कामगार ‘साचेवाला (माग चालवणारा) होता, जॉबर त्याचा भाऊ’ म्हणतो.

म्हणून एका माणसासाठी तीन जणांना भेटा, वेगवेगळं : घरातलं एक, कामावरचं एक, आणि ज्याचा त्यांच्याशी पैशाचा किंवा उसनवारीचा व्यवहार होता असं एक. किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला. हा तिसरा माणूस बहुतेक जण विसरतात आणि सगळ्यात चांगलं तोच सांगतो. तिघांना एकत्र बसवलंत तर मोठा मुलगा बोलतो आणि बाकीचे माना हलवतात.

‘स्वभाव कसा होता?’ विचारलं की ‘फार चांगला’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी : सकाळी किती वाजता निघायचे, दारातून कोणत्या बाजूला वळायचे, हातात काय असायचं, परत येताना कोणाकडे थांबायचे. पाऊण तास पुरे. त्यापुढे म्हातारी माणसं थकतात आणि तेच तेच सांगू लागतात. दुसऱ्या दिवशी परत जा, आदल्या रात्री त्यांना बरंच आठवलेलं असतं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना एअरप्लेन मोड लावा, नाहीतर मध्येच फोन येतो आणि ध्वनिमुद्रण तिथेच तुटतं. पंखा बंद. शेजारी माग चालू असेल तर नंतर जा. ती खटखट मागाहून काढता येत नाही. फोन टेबलावर नुसता ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. (सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.) सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा. घरी आल्यावर लगेच दोन जास्तीच्या प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आजी तेलुगूत बोलतात, काही घरांत कानडी. त्यांना मराठीत बोलायला लावू नका. मराठीत त्या तीन वाक्यांत उरकतात. त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि नंतर नातीकडून मराठी करून घ्या. नातीनं मध्ये मध्ये भाषांतर केलं की ओघ तुटतो. कामाचे शब्द मात्र मूळचे ठेवा. तेलुगूत मग्गम, कानडीत मग्ग, मराठीत माग. वाचणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही.

शीर्षकात दोन नावं द्या : गल्ली हाक मारायची ते आणि कागदावरचं. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आणि गावही. लग्नात नाव बदललेलं असतं, आणि गल्लीला माहीत असते ती फक्त ‘बोळातली आक्का’. क्रम मृत्यूच्या तारखेनं लावा. वर्गणीच्या आकड्यानं लावलात तर स्मरणिका निघेल, पण पुढच्या वर्षी मंडळ एक राहणार नाही.

आता हिशेब. एकाला दोन पानं, म्हणजे साधारण साडेतीनशे-चारशे शब्द आणि एक फोटो. बावीस जणांची ४४ पानं, मुखपृष्ठाची ४, एकूण ४८. मध्ये पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून जाहिराती घ्यायच्या तर त्याही चार पानं. दोन महिने भेटींना, एक लिहायला, एक मुद्रितशोधनाला. शेवटचा महिना कोणी ठेवत नाही आणि चुका तिथेच राहतात. मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यात दुसऱ्या फाँटमध्ये जातो तेव्हा रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’ गायब होतो. तेलुगू आडनावांचे हाल तर विचारू नका. म्हणून फाँट बदलल्यानंतरची छापील प्रत घरोघरी न्या, घरच्यांकडून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून घ्या आणि त्याच पानावर सही घ्या.

आजोबांच्या मृत्यूची तारीख घरात तीन जण तीन सांगतात. जन्मसालाचा तर पत्ताच नाही. काय छापावं?

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. आजोबा पुण्याला मुलाकडे गेले असतील तर सोलापूर महापालिकेत कितीही शोधलं तरी नोंद मिळणार नाही. आधी हे विचारा.

तीन तारखांमागे बहुतेक वेळा मध्यरात्र असते. सोमवारी रात्री एक वाजता माणूस गेला की घरचे ‘सोमवारी गेले’ म्हणतात, कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो. दवाखान्याच्या कागदावर मंगळवारची तारीख पडते. आणि ज्यांना अंत्ययात्रा तेवढी आठवते ते कधी कधी त्याच्याही पुढचा दिवस सांगतात. उदाहरण घ्या : कोणी ‘किल्लारीच्या वर्षी, विसर्जनाच्या रात्री गेले’ म्हणालं. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबर १९९३ ला होती आणि भूकंप ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास झाला. तेव्हा विचारायचं एवढंच : बारा वाजून गेले होते का, आणि जमीन हलली तेव्हा ते होते का?

श्राद्धासाठी तिथी घरात पक्की असते; तीही लिहून घ्या, महिना आणि पक्षासकट. तिथी व साल मिळालं की त्या वर्षीच्या पंचांगातून तारीख निघते. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारी ते शके बदलेपर्यंतच्या दिवसांसाठी ७९. तुळजापूरकडच्या, म्हणजे पूर्वीच्या निजामी मुलखातल्या कागदांवर फसली (महसुली) साल असतं, त्यात ५९० किंवा ५९१.

जन्मतारखेला शाळेच्या दाखल्यावर ‘१ जून’ दिसलं तर विश्वास ठेवू नका. नाव घालताना गुरुजींनी ती सरसकट लावलेली असते. घटनांवरून विचारा. ‘मार्शल लॉच्या वेळी चार-पाच वर्षांचा होतो’ असं आजोबा सांगत असतील, तर सोलापुरातला मार्शल लॉ १९३० च्या मे-जूनचा, म्हणजे जन्म १९२५-२६ चा. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ ला. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही असं ऐकलेलं असेल तर तोही धागा. बायकांसाठी बाळंतपणं धरा : थोरला बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता की अंगावर पीत होता? एवढं करूनही साल पक्कं झालं नाही तर ‘सुमारे’ लिहा. ‘सुमारे १९२६’ लिहिण्यात कमीपणा काही नाही, खोटी १ जून छापण्यात आहे.

आईचा एकच फोटो आहे, तोही फ्रेमच्या काचेला चिकटलेला. दुसरा लग्नातला समूहफोटो, चेहरा नखाएवढा.

चिकटलेला फोटो सोडवू नका, ओढूनही नाही आणि पाण्यात घालूनही नाही. ओलीमुळे फोटोवरचा थर काचेला धरलेला असतो. ओढलात की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. फ्रेमची मागची पाठ काढा, काचेवरचं गंध-कुंकू किंचित ओल्या कापडानं बाहेरून पुसा आणि काचेसकटच प्रत काढा. प्रिंटरला जोडलेल्या पातळ स्कॅनरवर ती धूसर येते, कारण मध्ये काचेची जाडी येते. त्यापेक्षा सावलीतल्या उजेडात, दारापासून हातभर आत, फ्रेम उभी करून समोरून फोटो काढा. काढणाऱ्यानं काळी चादर पांघरावी, नाहीतर काचेत त्याचाच शर्ट दिसतो.

समूहफोटो सुटा असेल तर स्कॅनरच बरा. स्कॅनच्या आकड्याला (डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके) ३०० नं भागा, तेवढ्या पट फोटो मोठा छापता येतो. ६०० डीपीआयला दुप्पट, १२०० ला चौपट. एक सेंटिमीटरचा चेहरा चार सेंटिमीटरपर्यंत बरा येईल, त्यापुढे नुसता कागदाचा रवा मोठा होतो. छापखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो आपोआप बारीक होतो आणि सगळी मेहनत वाया.

चेहरा ‘सुधारणाऱ्या’ अ‍ॅपपासून जपून. नसलेला तपशील ते अंदाजानं भरतं : नाक सरळ करतं, नथ पुसतं, गोंदण डाग समजून घालवतं. पूर्वी स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला कोट चढवून द्यायचे, त्यातलाच प्रकार. पण कोट निदान ओळखू यायचा. जी प्रत छापणार ती आईच्या पाठच्या बहिणीला किंवा भावाला दाखवा. मुलांना दाखवून उपयोग नाही, त्यांना तरुणपणची आई माहीत नसते.

वर्तमानपत्रात निधनवार्ता देताना काय चुकतं?

‘उद्या सकाळी नऊ वाजता’ हे सगळ्यात जास्त. अंक निघेल तेव्हा तो ‘आज’ झालेला असतो. तारीख आणि वार लिहा. दुसरं ‘दोन मुले’ : मुलगे की मुलगा-मुलगी? ‘दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई’ असं मोजून लिहा. जावयाचं राहिलं तर बारा दिवस तोच विषय. अंत्ययात्रा कुठून निघणार आणि कुठे जाणार, दोन्ही हवं. ‘अग्निसंस्कार’ आपोआप लिहू नका. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात आणि दफन असतं. ज्या घरची बातमी त्या घरचा शब्द वापरा. आणि रूढ नाव द्याच. कागदावरच्या नावानं निम्म्या पेठेला कोण गेलं ते कळतच नाही.

एका गृहस्थांनी गल्लीसाठी खूप केलं, पण दारू होती. घरचे म्हणतात लिहू नका, शेजारी म्हणतात त्याशिवाय ते अपुरे.

घरच्यांचं ऐका. मृताची बदनामी करून जवळच्यांच्या भावना दुखावल्या तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तोही गुन्हा ठरू शकतो. पण खरं कारण कायद्याचं नाही, त्या घराला त्याच गल्लीत राहायचं आहे. मात्र उलटंही लिहू नका. ‘निर्व्यसनी’ छापलंत की अख्खी गल्ली हसेल आणि स्मरणिकेतली बाकीची माणसंही खोटी वाटू लागतील. त्यांनी केलेलं काम लिहा आणि गप्प बसा. आजार, आत्महत्या, कर्ज, दुसरं घर यांनाही हाच नियम.

चौकात फ्लेक्स लावावा की दगडी पाटी?

फ्लेक्स दहा दिवसांसाठी ठीक. आपल्याकडच्या उन्हात त्याचा लाल रंग आधी उडतो आणि चेहरा निळसर पडतो. कायमचं हवं असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून घ्या, नुसती रंगवून नाही. अक्षर निदान इंचभर उंच, मजकूर चार ओळींत. कोरणाऱ्याला मजकूर हातानं लिहून देऊ नका, छापून द्या, आणि कोरण्याआधी दगडावर आखलेली अक्षरं स्वतः जाऊन वाचा. वेलांटी चुकली तर दगड बदलावा लागतो. जागा महापालिकेची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. खासगी भिंत असेल तर मालकाची, तीही लेखी.